मोहोराच्या वाटेने देवगडला

आंबे खायला कोकणात जाणारे पुष्कळ आहेत. मोहोर पाहायला जाणारे थोडे. घाटावरच्या शेतकरी कुटुंबाने एकदा तरी माघात, शाळू काढणीला यायच्या आत, दोन-तीन दिवस काढून खाली उतरावे. मुलाबाळांना आणि घरच्या लक्ष्मीलाही बरोबर घ्या. बागेतले बारकावे पुष्कळदा तिच्याच नजरेला आधी पडतात.

कोल्हापुराहून पहाटे निघा. राधानगरीचे धरण आणि दाजीपूरचे जंगल मागे टाकून फोंडाघाट उतरा. गवे दिसले तर नशीब, त्यासाठी खोळंबू नका. घाटमाथ्यावर बांधलेल्या कानटोप्या पायथ्याशी आल्यावर आपोआप निघतात. नांदगावला मुंबई-गोवा महामार्ग ओलांडला की देवगडचा रस्ता लागतो. शिरगाव, तळेबाजार, जामसंडे अशी गावे घेत तो चाळीसेक किलोमीटरवर समुद्राला भिडतो. इथे गाडी हळू चालवा आणि काचा खाली करा.

आधी वास येतो. गोडसर, किंचित उग्र. मग वळणावळणाला कलमे दिसू लागतात. कोवळा मोहोर तांबूस, फुललेला पिवळट पांढरा, आणि काही झाडांवर तर पाने शोधावी लागतात. मधूनमधून काजूही फुललेला असतो. जामसंड्याकडे जाताना झाडांच्या मागे निळी रेघ दिसते, तो समुद्र.

पण तुम्ही शेतकरी आहात, तेव्हा वरच्या फुलांबरोबर खालची जमीनही पाहा. ती जमीन कसली, जांभा कातळ! देवगडात कित्येक ठिकाणी सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती आणून भरली आणि त्यात कलमे लावली. उन्हाळ्यात घागरीने पाणी घालून ती जगवली. १९९० साली रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, तेव्हा नव्या लागवडीला मोठा हात मिळाला. पण त्याआधीच्या पिढ्यांनी फोडलेला कातळ थोडाथोडका नाही. रस्त्याकडेचे चिऱ्यांचे गडगेही तीच मेहनत सांगतात.

आता एक तुरा जवळून निरखा. त्यावर शेकडो फुले असतात, कधी हजाराच्या वर. त्यांत पुष्कळशी नुसती नर फुले. फळ धरते ते संयुक्त फुलांना, आणि तीही बहुतेक गळून जातात. एवढ्या तुऱ्यावर शेवटी एक-दोन आंबे राहिले तरी बागायतदार समाधानी असतो. भोवती घोंगावणाऱ्या माश्या पाहून नाक मुरडू नका. परागकण इकडून तिकडे नेण्याचे काम मधमाश्यांइतकेच याही करतात.

आणि ही सारी शोभा हवामानाच्या हाती. पाऊस कार्तिकापर्यंत रेंगाळला तर झाड मोहोराऐवजी पालवी काढते. ढगाळ, दमट दिवस आले की तुडतुडे आणि भुरी तुऱ्यावर चढतात. अलीकडे फुलकिड्यांनीही पिच्छा पुरवला आहे. म्हणून फवारणीवर फवारणी, औषधाचा खर्च, माणसांची मजुरी, रात्रीची राखण! थंडी हवी असते, पण तीही मापात. ती लांबली तर वाटाण्याएवढी, सुपारीएवढी कैरी धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर फुटतो आणि धरलेले फळ गळते. तुम्हाला जी गारवाऱ्याची सकाळ सुखाची वाटते, ती बागायतदाराला घोर लावणारी असू शकते. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. डावणीच्या दिवसांत त्यांची झोपही अशीच उडते.

शिवाय कित्येकांची पेटी भरण्याआधीच दलालाची उचल डोक्यावर असते. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, ही मानाची गोष्ट खरी. पण मानांकनाने मोहोर टिकत नाही.

म्हणून बागेत शिराल तर विचारून शिरा. फांदी वाकवून फोटो काढू नका, तुरा खुडून बायकोच्या केसांत माळू नका. तो एक तुरा म्हणजे कदाचित एक आंबा. फवारणीचा पंप चालू असेल तर मुलांना घेऊन लांब थांबा, वाऱ्याची दिशा पाहा. राखणीचा गुरखा हटकेल, त्याचा राग मानू नका. त्याला झाड न् झाड ठाऊक असते, आणि नीट बोललात तर तोच बाग दाखवतो.

मुक्काम देवगडला करा. संध्याकाळी किल्ल्यावर दीपगृहापाशी बसा. दुसऱ्या दिवशी कुणकेश्वराचे दर्शन घ्या. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, तेव्हा गर्दी नको असेल तर आठवडाभर आधीच या. परतताना तळेबाजारात थांबून चहा घ्या आणि शेजारी बसलेल्या कोणालाही विचारा, "यंदा मोहोर कसा?" तो एकदम "चांगला" म्हणणार नाही. आधी आभाळाकडे पाहील, मग तुमच्या गावचा पाऊस विचारील, आणि ऊस तुटला का, तेही.