पाण्यातला दगड

मासे पाळणाऱ्या माणसाला लोक निरुपद्रवी समजतात. मीही स्वतःला तसाच समजत होतो. कुत्रे पाळावे तर ते शेजाऱ्याला चावते, मांजर पाळावे तर ते शेजाऱ्याचे दूध पिते. मासे बिचारे काचेआड फिरतात आणि पाहणाऱ्याचे डोळे निववतात. कऱ्हाडच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तीन फुटी टाकी आली ती याच भरवशावर. तीत बारा झेब्रा होते. दीड बोटाचा मासा, पण अंगावर निळ्या-रुपेरी रेघा अशा, की कुणी पट्टी धरून ओढल्या असाव्यात.

एकदा मे महिन्यात मुंबईला गेलो असता क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात मला 'तो' दिसला. खरे म्हणजे दिसलाच नाही. रिकाम्या टाकीवर किंमत कसली लिहिली आहे, असे मी विचारले. दुकानदाराने काडीने वाळू ढवळली. एक मळकट दगड चार बोटे पुढे सरकला आणि पुन्हा दगड झाला.

"बंगालचा चाका. फार गरीब आहे, जागचा हलत नाही," दुकानदार म्हणाला.

डोके ताटलीसारखे चपटे, अंग शेपटीकडे निमुळते, डोळे मोहरीएवढे. आणि तोंड डोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. पाण्याबाहेर काढला की 'चाका चाका' असा आवाज करतो, म्हणून त्याचे हे नाव पडले असे सांगतात. मी त्याला पिशवीतल्या पाण्यात घालून मांडीवर घेऊन घरी आणले.

शाळेतला सातवीचा एक मुलगा तेव्हा माझ्याकडे गणितासाठी येई. त्याचे वडील कृष्णेवर जाळे टाकणारे. त्याने टाकीत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "गुर्जी, ह्याला बाकीच्यांत ठिवू नका. शिवड्याच्या जातीचा दिसतोय. त्वांड बघा की त्याचं!"

मी हसलो. त्रैराशिक चुकवणाऱ्या पोराने मला मासे शिकवावेत!

पंधरवड्यात बाराचे अकरा झाले, मग नऊ, मग सात. टाकीवर झाकण, खाली कलेवर नाही, घरात मांजर नाही. मी कादंबऱ्या लिहितो. माणसाच्या मनात काय चालले आहे हे ओळखणे हाच माझा धंदा, अशी माझी समजूत. मी विचार केला आणि उत्तर काढले. टाकीपाशी रोज कोण घुटमळतो? माशांची आवड कुणाला? एके दिवशी तो निघाला तेव्हा मी म्हटले, "पिशवी दाखव बघू जरा."

त्याने निमूटपणे पिशवी उलटी केली. दोन वह्या, एक कंपास, पाण्याची बाटली. ती बाटली मी उजेडात धरून पाहिली. नुसते पाणी होते. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

तो यायचा बंद झाला आणि तरीही सातांचे सहा झाले.

त्या रात्री मी विजेरी घेऊन बसलो. दोनच्या सुमारास एक झेब्रा पेंगत पेंगत तळाशी उतरला. दगडासमोर मिशीचा एक बारीक धागा अळीसारखा वळवळत होता. मासा जरा जवळ गेला, आणि दगडाला तोंड फुटले. पाणी आत ओढले गेले, पाण्याबरोबर मासा. वाळू उसळली, ती खाली बसली तेव्हा दगड जागच्या जागी होता.

पुढे वाचनात आले, की आपल्या निम्म्या लांबीचा मासाही चाका गिळू शकतो. फ्रॅन्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने १८२२ साली गंगेच्या माशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चाका आहे आणि झेब्राही आहे. पुस्तकात दोघे सुखाने नांदतात. त्या गरीब जनावरावर मला रागावता येईना. त्याने फसवले नव्हते. तोंड तर उघडउघड दाखवले होते. ते पाहून ज्याने मला सांगितले, त्याचीच मी पिशवी तपासली होती.

सकाळी मी नदीवर गेलो. त्याचे वडील जाळ्याला गाठी मारत बसले होते. "या गुर्जी, बसा. पोरगं शिकवणीला ईना झालंय, जरा दटावा त्याला." म्हणजे पोराने घरी अवाक्षर काढले नव्हते! मग मीच बापलेकांपुढे सगळे सांगितले. बाप गाठी मारायचा थांबला. पोरगा पाण्याकडे पाहत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "किती उरल्यात, गुर्जी?"

"पाच."

"मग आजच त्याला येगळा करा."

चाका आता दुसऱ्या टाकीत एकटा राहतो. मुलगा पुन्हा येऊ लागला आहे. येताना करवंटीत गांडुळे आणतो, दगडासमोर चिमट्याने धरतो, आणि दगडाला तोंड फुटले की खुदकन हसतो. त्रैराशिकही आता सहसा चुकत नाही.

फक्त, पिशवी तो उंबऱ्याबाहेर ठेवतो. मी एकदा म्हटले, "अरे, आत आण की." तो म्हणाला, "असू द्या, गुर्जी."