शिडाखालचे दोन तास

बोस्टनहून मोटारीने चारेक तास उत्तरेला गेले की मेन राज्यातले कॅमडेन बंदर लागते. नणंदेकडे गेलो होतो, आणि अब्बांचा, म्हणजे आमच्या सासऱ्यांचा, हट्ट एकच: शिडाच्या जहाजात बसायचे. तरुणपणी हर्णैला ते मचव्यावर खलाशी होते. मग इंजिने आली आणि शीड हातून सुटले ते सुटलेच.

दोन डोलकाठ्यांच्या त्या स्कूनरने धक्का सोडला तशी अब्बांनी हजरत नूह अलैहिस्सलाम यांची नावेत बसतानाची दुआ पुटपुटली. कर्टिस बेटावरचा दीपस्तंभ मागे पडला, इंजिन बंद झाले आणि कान एकदम मोकळे झाले. समोर पेनॉब्स्कॉटचा उपसागर. बेटेच बेटे, आणि स्प्रूसची काळपट हिरवी झाडे थेट खडकापर्यंत उतरलेली. ऑगस्टमध्येही शाल लागली. अस्रची नमाज डेकवर बसूनच अदा केली. किब्ला इथे ईशान्येला. जन्मभर मावळतीकडे तोंड केलेल्या अब्बांना दोनदा वळवावे लागले.

पाण्यावर जिकडे तिकडे रंगीत बोये. प्रत्येक मच्छीमाराचे रंग ठरलेले, नोंदवलेले. खाली तळाशी त्याचे शेवंडीचे पिंजरे. एकाला आठशेंहून जास्त लावता येत नाहीत. जवळच एक होडी पिंजरे उचलत होती. मच्छीमार शेवंडीला पितळी माप लावून बघे. डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत सव्वातीन इंचांहून कमी भरली, तर पाण्यात. पाच इंचांहून जास्त, तरी पाण्यात, कारण मोठी मादी अंडी जास्त देते. पोटाखाली अंडी असलेली सापडली, तर शेपटीच्या पंखाला खाच पाडून सोडायची. पुढे अंडी नसतानाही ती खाच ज्याला दिसेल, त्याने तिला ठेवायचे नाही.

नणंद हे समजावून सांगत होती. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्ही गाभोळीची आधी उचलायचो. तिला भाव जास्त."

"तेव्हा कुणाला ठाऊक होतं, अब्बा?"

"ठाऊक होतं, बेटी. पोट दिसत होतं की."

रात्री किनाऱ्यावर उकडलेली शेवंड आली. आपल्या शेवंडीला असे जाडजूड नांगे नसतात. आमचे माहेर हनफी, तिथे ती दस्तरखानावर येत नाही. सासर शाफई, त्यांना हलाल. त्यामुळे आमची ताटे नेहमीसारखी वेगळी. अब्बांनी आवडीने खाल्ली, पण आधी शेपटी उलटून पंख नीट बघितला.

निघताना जहाजी सामानाच्या दुकानातून त्यांनी पितळी माप घेतले. आता ते हर्णैला पुतण्याच्या होडीत आहे. पुतण्या म्हणतो, आपल्या शेवंडीची जात वेगळी, हे माप तिला कसे चालेल? अब्बा म्हणतात, "मापाचं नंतर बघू. पोट तरी बघ."