शंभर ग्रॅमचं इटालियन

पुण्यात इटालियनच्या वर्गात जेवणाचा धडा होता तो रेस्टॉरंटमधला. आधी प्रीमो, म्हणजे पास्ता किंवा रिझोत्तो. मग सेकोंदो, मांस-मासळी. जोडीला कोन्तोर्नो, भाज्या. वेटरशी बोलायची वाक्यं आम्ही घोकून पाठ केली. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे बोलोन्यात बिऱ्हाड थाटलं, तर रोज बाहेर जेवणं परवडेना, आणि दुकानात वेटरच्या वाक्यांचा काही उपयोग नव्हता. तिथे चालायचा एत्तो.

एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. माझ्या आईच्या तोंडून पावशेर जात नाही, तसा तिकडच्यांच्या तोंडून एत्तो. मोर्तादेल्ला एक एत्तो, पार्मिज्यानो दोन एत्ती. काउंटरमागचा माणूस पातळ चकत्या कापून कागदावर रचतो, काट्याकडे बघतो आणि विचारतो, "लाशो?" जरा जास्त भरलंय, राहू दे? नको म्हणायचा धीर मला कधी झाला नाही. त्यांचा धंदा या एका शब्दावर चालत असावा असा माझा संशय आहे.

मापांच्या बाबतीत हे शहर भलतंच काटेकोर. ताल्यातेल्ले ही तिथली अंड्याच्या पास्त्याची पट्टी शिजल्यावर 8 मिलिमीटर रुंद भरली पाहिजे. 1972 साली तिचा चक्क सोन्याचा नमुना करून बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ठेवला. 1982 मध्ये रागूची, म्हणजे खिम्याच्या सॉसची, कृतीही तिथेच रीतसर नोंदवली गेली.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या सिन्योरांच्या स्वयंपाकघरात मात्र काटा नव्हताच. तेल 'ऊन फीलो', दोऱ्याएवढ्या धारेनं. लोणी 'ऊना नोचे', अक्रोडाएवढं. वाइन 'दुए दीता', पेल्यात दोन बोटं. मिठाचं विचारलं की 'क्वान्तो बास्ता', पुरेल तेवढं. छापील पाककृतींतही मिठापुढे याची नुसती आद्याक्षरं असतात. आपल्या 'चवीपुरतं'वर नव्या सुना जशा चिडतात, तशीच मीही चिडले. त्यांच्याकडे आर्तुझींचं जाडजूड पुस्तक होतं. हे पेल्लेग्रीनो आर्तुझी मूळचे रेशमाचे व्यापारी. प्रकाशक मिळेना म्हणून 1891 मध्ये त्यांनी ते पदरच्या पैशानं छापलं. प्रांताप्रांताची बोली वेगळी असलेल्या त्या देशात स्वयंपाकाला सगळ्यांची म्हणावी अशी भाषा मिळाली, त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा. सिन्योरा ते उघडून समोर ठेवायच्या आणि करायच्या आपल्याच मनाचं.

एका बाबतीत त्याही हटून बसायच्या. लिटरभर पाणी, दहा ग्रॅम मीठ, शंभर ग्रॅम पास्ता. "क्वान्ती सियामो?" कितीजण आहोत, हे कळल्याशिवाय पाकीट उघडायचं नाही, आणि सगळे घरात आल्याशिवाय पास्ता पाण्यात पडायचा नाही. पास्त्यासाठी माणसानं थांबावं. माणसासाठी पास्ता थांबत नाही.

आता पुण्यातही मी डोकी मोजून माणशी एक एत्तो टाकते. सासूबाईंना ते जेवण वाटतच नाही. त्या पोळी घेऊनच बसतात आणि शेवटी ताटलीतला टोमॅटोचा सॉस पोळीच्या तुकड्यानं निपटून घेतात. इटलीत हेच पावानं करतात, त्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात. पाहुण्यांसमोर करू नये असा संकेत आहे आणि घरोघरी सर्रास चालतं. हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी सॉस जरा वाढीव कर."