बॅटरीचे पथ्यपाणी

आमची नात अमेरिकेत न्यू जर्सीत शिकते. तिच्या शाळेतील मुलांचे पथक दरवर्षी यंत्रमानव बांधून, 1992 साली सुरू झालेल्या 'फर्स्ट' स्पर्धेत उतरते. आम्ही उभयता तिकडे गेलो असताना तिच्याकडे पथकातील कोणते काम आहे, असे मी कौतुकाने विचारले. "बॅटऱ्या सांभाळते, आजोबा," ती म्हणाली. तिच्या आजीचा चेहरा किंचित उतरला. यंत्र हाकण्याचा मान दुसऱ्याला, आणि आमच्या पोरीकडे हमाली! एकेक बॅटरी सुमारे सहा किलोंची. तेव्हा हमाली हा शब्द अगदीच गैरलागू नव्हता.

हा यंत्रमानव मनुष्याकृती असेल, अशी कल्पना मात्र वाचकांनी करू नये. ती आपली चाकांवरची एक जड गाडी, तिला वस्तू उचलण्यासाठी हात बसवलेला. सामना दोन-तीन मिनिटांचा. पण तेवढ्यापुरता तिचा सारा प्राण 12 व्होल्टच्या एका बॅटरीत असतो. शिसे व गंधकाम्ल यांची ही जोडी फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने 1859 साली जमवली. आपल्या घरच्या इन्व्हर्टरलाही बहुधा तीच असते. मात्र तिच्यात आपण पाणी घालतो, आणि ही मोहोरबंद.

हिचे पथ्य मोठे कडक. सामन्याहून आलेली बॅटरी गरम असते. ती निवल्यावाचून चार्जरला लावायची नाही. सहा अँपिअरहून अधिक प्रवाह द्यायचा नाही, म्हणजे पोट भरण्यास काही तास हवेतच. तारांना धरून उचलायची नाही. उपाशी तर मुळीच ठेवायची नाही; तसे केल्यास आतील पट्ट्यांवर कठीण स्फटिक धरतात आणि ते पुढे सुटत नाहीत. आम्ल सांडलेच तर असावा म्हणून मेजावर खाण्याच्या सोड्याचा डबा होता. तो पाहून हिला जरा आपल्या घरात आल्यासारखे वाटले.

सामन्यापूर्वी एक धिप्पाड मुलगा घाईने आला आणि चार क्रमांकाची बॅटरी मागू लागला. मापकावर 12.7 व्होल्ट दिसत होते. म्हणजे पूर्ण भरलेली. नात म्हणाली, "ती नाही मिळायची." तिने वही उघडून दाखवली. प्रत्येक बॅटरीच्या पोटात थोडा रोध असतो. तो 0.02 ओहम असला तर 100 अँपिअरला 2 व्होल्ट आतल्या आत जिरतात. चार क्रमांकाचा रोध दुपटीवर गेला होता. यंत्राने जोर लावून 150 अँपिअर ओढले की सहा व्होल्ट गळणार, उरणार जेमतेम पावणेसात, आणि त्या सुमारास यंत्राचा नियंत्रक मोटारी बंद पाडतो. स्वस्थ बसलेल्या बॅटरीचा आकडा हे सांगत नाही. मुलगा वयाने मोठा, आवाजही मोठा; पण ही हलली नाही. घरात मान खाली घालून बोलणारी ही मुलगी! मला तो क्षण फार आवडला.

सात क्रमांकाची बॅटरी गेली. सामना ते हरलेच. गाडी मात्र शेवटच्या घंटेपर्यंत धावत होती. बॅटरी परत आली तेव्हा नातीने तिच्यावर हात ठेवून पाहिला, चिकटपट्टीवर वेळ लिहिली आणि ती निवायला रांगेच्या शेवटी ठेवली.