कौलं की पत्रा?

गेल्या वर्षी मे महिन्यात दापोलीजवळच्या आमच्या गावच्या घरावरची कौलं उतरली आणि पत्रा चढला. या पत्र्याला सगळ्यात जास्त विरोध कोणी केला असेल, तर तो मी. आणि मी राहतो पुण्यात! तिसऱ्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब.

गावी दादा आणि वहिनी दोघंच असतात. आम्ही बाकीचे गणपतीत चार दिवस आणि आंब्याच्या दिवसांत आठवडाभर. ओटीवर चटई टाकून आडवं व्हायचं, काचेच्या कौलातून पडणारा कवडसा जमिनीवरून सरकताना बघायचा आणि म्हणायचं, "काय गार वाटतं हो वहिनी, कौलारू घर ते कौलारू घर!" वहिनी काही बोलायच्या नाहीत. चहा आणून द्यायच्या.

कौलं गार असतात हे खरंच आहे. माती लवकर तापत नाही आणि फटींतून गरम हवा निघून जाते. पण ही मंगलोरी कौलंसुद्धा काही अनादि काळापासूनची नव्हेत. बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी आपल्याकडे नळ्याची कौलं, नाहीतर गवताचं शाकार. म्हणजे ज्याला मी 'परंपरा' म्हणत होतो, तीही कोणे एके काळची नवलाईच.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमची अर्धी कौलं गेली. टाळेबंदीचे दिवस, वीज नाही, ताडपत्री मिळेना. दादा-वहिनींनी ते दिवस माजघराच्या एका कोपऱ्यात काढले. पुढे कशीबशी जुनीपुरानी कौलं गोळा करून छप्पर पुन्हा केलं. पण वाश्यांना वाळवी लागलेली, रिपा वाकलेल्या. त्यात माकडं! टोळी एकदा घरावरून गेली की दहा-वीस कौलांचा चुरा ठरलेला. दरवर्षी मे महिन्यात शाकारणीला माणसं शोधायची आणि ती मिळेनाशी झाली की दादाने स्वतः वर चढायचं.

दोन वर्षांपूर्वी असाच चढला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. रीप मोडली आणि खाली पडवीत आला. खुब्याचं हाड मोडलं.

तो घरी आल्यावर पत्र्याचा विषय निघाला. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. पत्रा तापतो, पावसात बडवतो, खाऱ्या हवेत गंजतो, आणि वादळात शेजाऱ्यांचा पत्रा उडून बागेत पडला होता तो विसरलात का?

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "भावोजी, तुमचं सगळं बरोबर. फक्त एवढं सांगा, पुढच्या मेमध्ये वर कोण चढणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारले, पण असा एकाच ओळीचा प्रश्न मला काही सुचला नव्हता.

मग प्रायश्चित्त म्हणून पत्र्याची चौकशी माझ्याकडे घेतली. महिनाभर दुकानं आणि फॅब्रिकेटर पालथे घातले. बरंच शिकलो. शंभर चौरस फुटांवर कौलांचं ओझं सुमारे तीनशे किलो, तेवढ्याच पत्र्याचं पन्नासच्या आत. म्हणून खालचा सांगाडा हलका चालतो. पण हलकेपणा हाच धोकाही. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वांत जास्त. शेजाऱ्यांचा पत्रा वाईट नव्हता, स्क्रू कमी होते आणि सांगाडा भिंतीला नीट बांधलेला नव्हता. आम्ही चौकोनी पाइप भिंतीत काँक्रीटमध्ये धरून घेतले आणि कडेला स्क्रू जवळ जवळ मारून घेतले, रबरी वॉशरसकट.

समुद्र जवळ म्हणून साधा जस्ताचा पत्रा टाळला. ॲल्युमिनियम आणि जस्त मिळून मुलामा दिलेला, वर रंगाचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा घेतला. कापताना उडालेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढायचा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे गंजाचे ठिपके उठतात, हे एका कारागिराने सांगितलं. कौलासारखा दिसणारा पत्राही मिळतो. माझा जीव त्यात अडकला होता. वहिनी म्हणाल्या, "कशाला सोंग? पांढरट घ्या, कमी तापेल." तसाच घेतला. खाली लाकडी माळा होताच, मध्ये हवा खेळायला जागा ठेवली.

मागची पडवी मात्र कौलारूच आहे. तिथे वहिनींची चूल आहे आणि धुराला कौलांतून वाट मिळते. शिवाय ती ठेंगणी आहे, कौल सरकलं तर स्टुलावरून हात पोचतो. चांगली निघालेली कौलं तिच्यासाठी रचून ठेवली आहेत.

ओटीवर दुपारी आता पूर्वीसारखं गार वाटत नाही, हे खोटं कशाला सांगू? पंखा लावावा लागतो. कवडसाही गेला. मला चुकल्यासारखं होतं. पण मी तिथे वर्षातले दहा-बारा दिवस असतो. उरलेले साडेतीनशे दिवस ज्यांनी काढायचे, छप्पर त्यांचं. हे कळायला मला सत्तरी ओलांडावी लागली. असो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि रात्री मी फोन केला. पलीकडून नुसता ताशा वाजत होता. वहिनी ओरडून म्हणाल्या, "भावोजी, काही ऐकू येत नाहीये! हे कधीच झोपलेत. उद्या बोलू!" फोन बंद.

पूर्वी पावसातल्या फोनवर माझा पहिला प्रश्न असायचा, "गळतंय का?" त्या रात्री तो विचारायचा राहूनच गेला.