दुसऱ्या घराचा पत्ता

ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांविरुद्ध जो संताप उसळला, त्याची आठवण निघाली की लोक आजही बदकांच्या घराविषयी बोलतात. ‘डेली टेलिग्राफ’ने ८ मेपासून खासदारांची खर्चाची बिले छापायला सुरुवात केली आणि पुढचे कित्येक आठवडे रोज नवी नावे पहिल्या पानावर येत राहिली. गॉसपोर्टचे खासदार पीटर व्हिगर्स यांनी तळ्यात तरंगणाऱ्या बदकघराचे १,६४५ पौंड मागितले होते. डग्लस हॉग यांच्या लिंकनशायरमधल्या वाड्याभोवती खंदक होता आणि त्यांनी दिलेल्या खर्चाच्या यादीत त्या खंदकाच्या सफाईचाही उल्लेख होता. त्या वेळच्या गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या बिलात न्हाणीघरातल्या ८८ पेन्सच्या बुचाची नोंद निघाली.

बदकघराचे पैसे व्हिगर्स यांना मिळालेच नव्हते. संसदेच्या कचेरीने ती मागणी फेटाळली होती. तरीही लोकांच्या मनात तेच रुतून बसले, कारण ते डोळ्यांपुढे उभे राहते. गृहकर्जाचे व्याज तसे उभे राहत नाही. लोकांचा संताप पूर्णपणे न्याय्य होता, पण त्यातला बराचसा अशा किरकोळ वस्तूंवर खर्ची पडला. खरा अन्याय घरांच्या पत्त्यांत दडलेला होता.

दुसरे घर ही मुळात चैन नव्हे. स्कॉटलंडमधून किंवा कॉर्नवॉलमधून निवडून आलेल्या माणसाला अधिवेशनाच्या काळात आठवड्यातल्या कित्येक रात्री लंडनमध्ये काढाव्या लागतात आणि मतदारसंघातही राहावे लागते. ब्रिटनमध्ये १९११ पर्यंत खासदारांना पगारच नव्हता. ज्याच्याकडे जमीनजुमला किंवा कारखाना, त्यालाच संसदेत बसणे परवडे; खाणकामगार निवडून आला तर त्याच्या पोटापाण्याची सोय त्याच्या संघटनेला करावी लागे. १९११ मध्ये वर्षाला ४०० पौंड पगार सुरू झाला. १९७१ मध्ये मुक्कामाच्या जादा खर्चासाठी भत्ता आला, तोही याच न्यायाने. सगळे भत्ते बंद करा, असे रागाच्या भरात म्हणणाऱ्यांनी हा इतिहास विसरू नये. भत्ते गेले तर राजकारण पुन्हा पैसेवाल्यांच्याच हाती जाईल.

बिघाड पुढे झाला. पगारवाढ जाहीर केली की लोक रागावतात, म्हणून वेगवेगळ्या सरकारांनी पगार आवरता ठेवला आणि भत्ते मात्र वाढू दिले. २००८-०९ पर्यंत हा भत्ता वर्षाला २४,००० पौंडांच्या घरात पोचला होता. मध्य लंडनचे मतदारसंघ सोडले तर तो सर्वांना मिळे, म्हणजे ज्यांना काम संपवून रात्री आपल्या घरी झोपायला जाता येई अशा उपनगरांतल्या खासदारांनाही. २००८ पर्यंत २५० पौंडांखालच्या खर्चाला पावती लागत नसे. जेवणखाणाचे महिन्याला ४०० पौंड तर पावतीशिवायच मागता येत. कोणत्या वस्तूला किती रक्कम मंजूर करायची, याची ‘जॉन लुईस’ या दुकानाच्या दरांवर बेतलेली एक यादी कचेरीत होती. त्यात स्वयंपाकघरासाठी १०,००० पौंडांची मर्यादा होती.

आणि सगळ्यात महत्त्वाचे हे, की आपले मुख्य घर कोणते आणि दुसरे कोणते, हे खासदारानेच सांगायचे. जिथे जास्त रात्री काढतो ते मुख्य घर, असा नियम होता. पण त्या रात्री मोजायला कोणी जात नव्हते. त्यामुळे एका घराचे व्याज, दुरुस्ती, रंगरंगोटी सरकारी पैशाने झाली की दुसऱ्या घराचा पत्ता कळवायचा, ही वाट अनेकांनी धरली. ल्यूटनच्या खासदार मार्गारेट मोरन यांनी असाच पत्ता बदलला आणि लगोलग साउथॅम्प्टनच्या घरात लाकडाला लागलेली बुरशी काढण्यासाठी २२,५०० पौंड घेतले. साउथॅम्प्टन ल्यूटनपासून सुमारे शंभर मैल दूर. तिथे राहून ना संसदेचे काम सोपे होणार, ना मतदारांचे. मंत्री हेझल ब्लिअर्स यांनी विकलेला एक फ्लॅट संसदेच्या कचेरीत दुसरे घर होता आणि करखात्याच्या दफ्तरी मुख्य घर. त्यामुळे विक्रीच्या नफ्यावर कर पडला नाही. आपण नियम मोडला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ओरड वाढल्यावर त्यांनी १३,३३२ पौंडांचा चेक टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे धरून दाखवला.

नियमात बसते, हे उत्तर त्या दिवसांत एकामागून एक खासदारांनी दिले. ऐकणाऱ्यांना सर्वांत जास्त तेच झोंबले. ते नियम याच सभागृहाने केले होते, त्यांचा लाभ याच सभागृहातल्या माणसांनी घेतला होता आणि ते राबवणारी कचेरीही त्याच सभागृहाची होती. एखाद्या शिक्षकाने किंवा नर्सने दौऱ्याच्या खर्चाचे असे बिल दिले असते, तर नोकरी धोक्यात आली असती.

काळही कठीण होता. २००७ मध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या होत्या. मग मंदी आली, नोकऱ्या गेल्या, हप्ते थकल्याने लोकांची घरे जप्त होऊ लागली. बिले फुटली कशी, याची जी हकीकत टेलिग्राफने पुढे छापली तीही याच काळाची आहे. संसदेने बिले प्रसिद्ध करण्याआधी त्यांवरचा मजकूर झाकण्याचे काम एका खोलीत चालू होते. तिथे पहाऱ्यावर असलेल्यांत काही सैनिक होते. युद्धावर जाण्यापूर्वी स्वतःचे साहित्य विकत घ्यायला पैसे हवेत, म्हणून ते हे जादा काम करत होते. त्यांच्याकडे बघत खासदारांच्या घरखर्चाची बिले वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगायला नको.

ही माहिती सरळ मार्गाने मिळावी म्हणून पत्रकार हेदर ब्रुक झगडत होत्या. ब्रिटनचा माहितीस्वातंत्र्याचा कायदा १ जानेवारी २००५ पासून लागू झाला आणि त्याच्या आधारे त्यांनी खासदारांच्या खर्चाचा तपशील मागितला. संसदेने नकार दिला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २००८ मध्ये निकाल ब्रुक यांच्या बाजूने लागला. खुद्द संसदेलाच या कायद्यातून वगळण्याचे प्रयत्न २००७ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २००९ मध्ये झाले, दोन्ही फसले.

१८ जून २००९ रोजी संसदेने स्वतः बिले प्रसिद्ध केली, तेव्हा पानेच्या पाने काळ्या पट्ट्यांनी झाकलेली होती. सुरक्षितता आणि खासगीपणाच्या नावाखाली घरांचे पत्ते काढून टाकले होते. या एका पट्टीकडे जितके लक्ष जायला हवे होते तितके गेले नाही. पत्ताच नसेल तर कोणी घर कधी बदलले हे कळणारच नाही. बदकघर कळले असते, बुच कळले असते. मोरन आणि ब्लिअर्स यांची प्रकरणे मात्र कधीच बाहेर आली नसती. टेलिग्राफने पैसे मोजून मिळवलेल्या डिस्कवर पत्ते शाबूत होते, म्हणून देशाला खरे चित्र दिसले.

परिणाम मोठे झाले. सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावे लागले. इंग्लंडमध्ये सभापतीला असे हटवण्याची वेळ १६९५ नंतर पहिल्यांदाच आली. लेखातपासणीनंतर निम्म्याहून अधिक खासदारांना थोडेफार पैसे परत करायला सांगण्यात आले. खासदार डेव्हिड चेटर यांनी स्वतःच्याच फ्लॅटचे भाडे मागितले होते. एलियट मॉर्ली कर्ज फिटल्यावरही त्याचे व्याज घेत राहिले होते. १६८९ च्या कायद्याने संसदेला दिलेल्या विशेषाधिकाराची ढाल पुढे करून खटला टाळण्याचा त्या दोघांनी प्रयत्न केला. नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि २०११ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. भत्ते ठरवण्याचे काम खासदारांच्या हातून काढून स्वतंत्र संस्थेकडे सोपवले गेले. आता घराच्या भाड्याला पैसे मिळतात, गृहकर्जाच्या व्याजाला नाही, आणि मंजूर झालेला खर्च लोकांना पाहता येतो.

यात काहींवर अन्यायही झाला. रेडिंग वेस्टचे मार्टिन सॉल्टर लंडनला ये-जा करत आणि दुसऱ्या घराचा भत्ता घेत नसत. असे आणखीही होते. पण ‘सगळे चोर’ हा शेरा एकदा बसला की प्रामाणिक माणसाला वेगळे उभे राहायला जागा उरत नाही. जून २००९ च्या युरोपीय निवडणुकीत वंशद्वेषी बीएनपी पक्षाचे दोन उमेदवार निवडून आले. मजूर पक्षाची पडझड हे त्यामागचे एक कारण असेल. पण सगळ्याच पक्षांविषयी आलेला वीटही त्यात नक्कीच होता.

हेदर ब्रुक यांचा लढा ज्या कायद्यावर उभा राहिला, तसाच कायदा आपल्याकडे त्याच वर्षी, ऑक्टोबर २००५ मध्ये लागू झाला. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने तर केंद्राच्याही आधी आपला कायदा केला होता. कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीत कोणाकोणाला घरे मिळाली, हे बाहेर यायला माहिती अधिकारातल्या अर्जांची मोठी मदत झाली. या कायद्याच्या कलम ८(१)(जे) प्रमाणे व्यक्तिगत माहिती नाकारता येत असे, पण व्यापक जनहित असेल तर ती द्यावी, असे त्याच कलमात म्हटले होते. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणाही नागरिकाला नाकारता येणार नाही, असेही त्यात होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही दोन्ही वाक्ये काढून टाकण्याची तरतूद केली. जनहितासाठी कलम ८(२) शिल्लक आहे, असे सरकार सांगते. पण ते वापरायचे की नाही, हे माहिती दडवणाऱ्या कार्यालयाच्याच हाती राहते. मते मागायला पुढचा उमेदवार दारात येईल तेव्हा ही दोन वाक्ये परत आणणार का, हे त्याला विचारा; आणि गोलमाल उत्तर मिळाले तर पुन्हा विचारा.