ढिगातली हवा

इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'त 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत बसवली, तिच्या वर्णनात पऱ्हाट्या, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर हमखास येतात. मात्र तिचे खरे कसब थर रचण्यात नसून ढिगात हवा किती खेळू द्यायची हे ओळखण्यात आहे. नव्वद दिवसांत ढीग तीनदा उलथायचा आणि पाणी बेतानेच शिंपायचे, कारण हवा कोंडली की काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि नत्र वायुरूपाने निघून जातो. यात नायट्रेटला इलेक्ट्रॉन मिळतात, आणि पदार्थाला इलेक्ट्रॉन मिळण्याच्या क्रियेला रसायनशास्त्र क्षपण म्हणते. त्या शब्दाच्या मूळ अर्थातली झीज येथे शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

नायट्रो संयुगांचे क्षपण मात्र वेगळे. त्यांत एक नत्र आणि दोन ऑक्सिजन अणूंचा गट थेट कार्बनला जोडलेला असतो. तोफगोळ्यांत भरल्या जाणाऱ्या टीएनटीच्या रेणूत असे तीन गट असतात. ज्या जिवाणू-विकरांमुळे (विकर म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) या गटांना इलेक्ट्रॉन मिळतात, त्यांना नायट्रोरिडक्टेज म्हणतात. त्यांतील एक प्रकार इलेक्ट्रॉन जोडीने देतो आणि हवेची पर्वा करत नाही. दुसरा एकेक देतो, आणि ऑक्सिजन जवळ असला तर तो इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, संयुग पूर्ववत होते आणि सारी खटपट वाया जाते. आमांशावरील मेट्रोनिडॅझोल हे औषधही नायट्रो संयुगच; ते हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवरच प्रभावी ठरते, त्यामागेही असेच कारण आहे.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, युमाटिला येथील लष्करी आगारात, टीएनटीने दूषित झालेली माती 1990 च्या दशकात शेणखत आणि शेतातला काडीकचरा मिसळून कुजवण्यात आली. त्या ढिगांत नायट्रो गटांचे टप्प्याटप्प्याने अमिनो गटांत रूपांतर होते आणि तयार झालेली संयुगे ह्यूमसला, म्हणजे कुजून बनलेल्या काळ्या सेंद्रिय द्रव्याला, घट्ट चिकटतात. इंदूरच्या खड्ड्यात जी हवाकोंडी नुकसानीची, तीच येथे ढिगाच्या गाभ्यात उपयोगी पडते. तथापि चिकटलेला पदार्थ नाहीसा झालेला नसतो. म्हणून असे खत शेतात टाकण्याआधी त्याची विषारीपणाची चाचणी घ्यावीच लागते.